शेततळ्यातील परका मासा आणि आपले नाले

गेल्या दोन-तीन हंगामांत सभासदांकडून मंडळाच्या कचेरीत जी पत्रे येतात, त्यांत कपाशीची बोंडअळी, सोयाबीनचा भाव आणि संत्र्याची फळगळ या नेहमीच्या विषयांच्या जोडीस एक नवा विषय हळूहळू येऊ लागला आहे. तो म्हणजे शेततळ्यातील मासळीचा. शेततळे ओलितासाठी खणले. आता त्याच पाण्यावर आणखी चार पैसे मिळावेत, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि आम्हास ती सर्वस्वी मान्य आहे. परंतु बहुतेक पत्रांत एवढेच विचारलेले असते की, कोणता मासा लवकर वाढतो व त्याचे बी कोठे मिळते. तळे भरून वाहू लागले म्हणजे त्यातील पाणी कोणत्या नाल्यास मिळते, हे कोणी लिहीत नाही. आमच्या मते मासा निवडण्यापूर्वी याच गोष्टीचा विचार व्हावयास पाहिजे. तो का, हे सांगण्यासाठी आजचे हे टिपण.

प्रारंभी थोडे दूरचे उदाहरण घेतो. कारण परक्या पाण्यात मासा नेऊन सोडण्याच्या हौसेचा इतिहास त्यात स्वच्छ दिसतो. ट्राउट नावाचा थंड पाण्यात राहणारा एक मासा आहे. त्याची तपकिरी जात मूळची युरोपातील, आणि इंद्रधनुषी म्हणतात ती जात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील व कामचाटकाकडील नद्यांची. गळ टाकून हा मासा धरण्याचा इंग्रज लोकांस मोठा शौक. त्यामुळे इंग्रज जेथे वस्तीस गेला तेथे ट्राउटची अंडी त्याच्या मागोमाग बर्फात घालून गेली. १८६७ साली हा मासा न्यूझीलंडात पोहोचला. आपल्याकडे नीलगिरीवर डॉ. फ्रान्सिस डे यांनी १८६३ साली त्यासाठी खटपट केली, ती साधली नाही; पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे इंद्रधनुषी ट्राउटचा जम बसला. काश्मिरास १८९९ साली विलायतेहून धाडलेली अंडी वाटेतच मेली. १९०० साली पुन्हा मागविलेली मात्र जगली आणि फ्रँक मिचेल नामक गृहस्थांच्या देखरेखीखाली हारवन येथे त्यांची पैदास सुरू झाली.

वर्धेकरास या माशाची भीती बाळगण्याचे कारण नाही. वीस अंशांच्या वर पाणी तापू लागले की ट्राउट अस्वस्थ होतो. आमच्या धामेचे वैशाखातले पाणी त्यास एक दिवसही मानवणार नाही. यंत्राने पाणी गार राखून उष्ण मुलखातही तो वाढविण्याचे प्रयोग अलीकडे झाले आहेत, पण ते पुष्कळ भांडवल बाळगणाऱ्यांचे काम. आम्हास येथे ट्राउटपेक्षा ट्राउट नेणाऱ्यांच्या विचाराची रीत दाखवावयाची आहे. मासा चांगला, खावयास रुचकर, धरण्यास मजेचा; मग तो येथेही का नसावा? एवढ्याच विचारावर ही पेरणी जगभर झाली. त्या त्या पाण्यात अगोदर कोण राहत होते, याचा हिशेब कोणी मांडला नाही. दक्षिण अमेरिकेतील टिटिकाका सरोवरात १९४० नंतर इंद्रधनुषी ट्राउट सोडण्यात आला. त्या सरोवरावाचून जगात अन्यत्र कोठेही नसलेला ओरेस्टियास कुळातील एक मोठा मासा त्यानंतर नाहीसा झाला. आज तपकिरी व इंद्रधनुषी या दोन्ही जाती, जगात सर्वाधिक उपद्रव देणाऱ्या शंभर परक्या जीवांची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या तज्ज्ञांनी केली आहे, तीत समाविष्ट आहेत.

परका म्हणजे परदेशीच असला पाहिजे असेही नाही. अमेरिकेतील यलोस्टोन सरोवरात १९९४ साली लेक ट्राउट नावाचा मासा आढळला. हा त्याच देशातील, परंतु त्या सरोवरातील नव्हे. कोणी तरी तो तेथे गुपचूप आणून टाकलेला. सरोवराचा मूळचा ट्राउट वीण घालण्यास लहान ओढ्यांत चढतो, तेथे तो अस्वलांस व मासेमार पक्ष्यांस मिळतो. नवा मासा खोल पाण्यात राहतो आणि खोल पाण्यातच वितो. म्हणून तो अस्वलाच्या हाती लागत नाही, उलट मूळच्या माशाची पिल्ले गिळतो. माशाच्या जागी मासाच आला, तरी काठावरच्या प्राण्यांच्या तोंडचा घास गेला. तेव्हापासून तेथील सरकार नावा व जाळी लावून हा मासा काढीत आहे. आजवर लाखो मासे काढले, तरी तो निःशेष झालेला नाही.

हे परमुलखाचे झाले. आता आपल्याच महाराष्ट्रातून निघालेली एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हास संकोच वाटतो, कारण तीत कोणाचाही हेतू वाईट नव्हता. दख्खनच्या नद्यांत महासीर जातीचा एक मोठा, निळसर परांचा मासा आहे. पुण्याच्या मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. धरणे, सुरुंग आणि विषप्रयोग यांमुळे हा मासा कमी होत चालला, तेव्हा राज्याच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुळकर्णी यांनी लोणावळ्यास टाटा कंपनीच्या तलावाकाठी त्याची कृत्रिम रीतीने वीण घेण्याची विद्या साध्य केली. हे काम खरोखर मोठे होते, आणि त्याबद्दल आम्हास आदरच आहे. मासा वाचला. बोटुकली भरपूर होऊ लागली. मग ती इतर प्रांतांसही देण्यात येऊ लागली आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दक्षिणेकडे कावेरीत सोडण्यात आली.

कावेरीत तिचा स्वतःचा महासीर होता. पाठीवर उंचवटा असलेला हा मासा पन्नास किलोंपलीकडे वाढे, आणि त्याच्यासाठी साता समुद्रांपलीकडून शौकीन गळ घेऊन येत. बाहेरचा महासीर वाढू लागला तसतसा हा कमी होत गेला. गळास कोणता मासा लागला याच्या ज्या नोंदी तेथील मंडळींनी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या, त्या २०१५ च्या सुमारास अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. २०१८ साली कावेरीच्या माशाचे शास्त्रीय नाव निश्चित झाले, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींत गणला गेला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग यांचाही त्यात वाटा आहे. सर्व दोष लोणावळ्याच्या बोटुकलीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तथापि महासीर वाचविण्याच्या सद्हेतूने सोडलेल्या महासिरानेच दुसऱ्या महासिरास मागे रेटले, हे नाकारता येत नाही. ‘आम्ही तर देशी मासाच सोडतो’ असे म्हणून जे निश्चिंत होतात, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. माशाचा देश म्हणजे त्याच्या नदीचे खोरे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बोर आणि धाम या नद्यांचे पाणी वणेत जाते, वणेचे वर्धेत; वर्धा पुढे वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. सेलूच्या किंवा आर्वीच्या वावरातील एखाद्या नाल्यात पडलेला मासा, त्याच्या अंगी जगण्याचा चिवटपणा असेल तर, गोदावरीपर्यंत विनापरवाना प्रवास करू शकतो. २०२२ च्या जुलैत वणा आणि वर्धा यांना आलेले पूर हिंगणघाटकरांच्या स्मरणात ताजे आहेत. तशा दिवसांत शेततळ्याचा बांध आणि नाला यांत भेद उरत नाही. पावसाचे पाणी नाल्यातून आत घ्यावयाचे आणि सांडव्यावाटे पुन्हा नाल्यातच सोडावयाचे, अशी व्यवस्था असलेली शेततळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेमुळे त्यांची संख्या वाढली. ओलिताच्या दृष्टीने ती व्यवस्था उत्तम. परंतु अशा तळ्यात सोडलेला मासा नाल्यात सोडल्यासारखाच समजावा.

आमच्याकडे आलेल्या पत्रांत ज्या माशांची चौकशी असते ते मुख्यतः तीन: चिलापी, पंगस आणि मागूर. तिन्हींविषयी आमचे मत सारखे नाही.

चिलापी म्हणजे तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेतील. त्याची मोझांबिकी जात १९५२ साली आपल्या देशात आणली गेली, आणि तिचे गुण ध्यानात येताच १९५९ साली तिचा प्रसार थांबविण्याचे ठरले. पण तोवर ती अनेक तळ्यांत पसरली होती. हा मासा दोन-तीन महिन्यांचा झाला की वीण घालू लागतो. मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, म्हणून रोहूसारख्या माशाची अंडी व पिल्ले जशी लक्षावधींनी नष्ट होतात तशी याची होत नाहीत. वर्षातून अनेक वेळा वीण होते. काही महिन्यांत तळे बोटबोटभर माशांनी गच्च भरते, सर्वांची वाढ खुंटते आणि बाजारात त्यास भाव येत नाही. म्हणजे नाल्याचे राहू द्या, खुद्द शेतकऱ्याचेही यात हित नाही. हल्ली नुसते नर वाढविण्याची व सुधारलेल्या वाणाची पद्धत निघाली आहे. तिच्यासाठी केंद्र सरकारने नियम घालून दिले आहेत. परवानगी घ्यावी लागते आणि मासा बाहेर जाणार नाही अशी तजवीज करावी लागते. ज्यास हे सर्व यथास्थित करावयाचे असेल त्याने खुशाल करावे. परंतु आठवडी बाजाराच्या दिवशी टेम्पोतून पिशवीत भरून जे बी विकले जाते ते या नियमांत बसणारे असेल, असे मानण्यास आम्हास आधार दिसत नाही.

चिलापीने मोठे जलाशय कसे व्यापले जातात हे पाहावयाचे असल्यास भीमेवरील उजनी पाहावे. तेथे जाळ्यात येणाऱ्या मासळीत आज चिलापीचा भरणा मोठा आहे. भिगवणच्या बाजारात त्यावर अनेकांची चूल पेटते हेही खरे, आणि ती गोष्ट आम्ही लपवू इच्छीत नाही. पण जुने कोळी ज्या माशांची नावे सांगतात ते मासे आता त्यांच्या जाळ्यात क्वचित येतात. तलावात एकच मासा उरला म्हणजे त्याचा भाव पडला तरी दुसरा विकावयास राहत नाही. एका पिकावर सर्व वावर लावणाऱ्या आम्हा कापूसवाल्यांस हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

पंगस हा मेकाँग नदीकडील. तो १९९० च्या दशकात बांगलादेशातून बंगालमार्गे आपल्या देशात आला. त्याची वाढ झपाट्याने होते आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो तगतो. साठलेल्या पाण्यात तो वीण घालीत नाही; त्यामुळे पिढ्यांमागून पिढ्या वाढण्याचा धोका चिलापीइतका नाही. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या, नाल्याशी कोणताही संबंध नसलेल्या तळ्यात, नियमांची चौकशी करून कोणी पंगस ठेवला तर आम्ही त्यास दोष देणार नाही. नाल्यावरच्या तळ्यात मात्र तोही नको.

मागुराविषयी आम्हास कठोर शब्द वापरावे लागतात. आपला देशी मागूर हा लहान, औषधी गुणांचा म्हणून आजाऱ्यास दिला जाणारा मासा. त्याच्या नावावर जो विकला जातो, ज्यास कित्येक ठिकाणी थाई मागूर म्हणतात, तो आफ्रिकेतील मांसभक्षक मासा होय. तो हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो, सडके मांस खातो आणि देशी मागुराच्या कित्येक पट वाढतो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनास बंदी केली. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून महाराष्ट्रात अनेक ठिकाणी त्याची तळी रिकामी करून मासे नष्ट करण्यात आले. ओळखण्याची एक खूण सांगून ठेवतो: डोक्याच्या कवटीचे मागचे टोक, जेथे पाठ सुरू होते तेथे, देशी मागुरात साधी एकच कमान असते, आफ्रिकी मागुरात तेथे वळणावळणाची, दोन खोबणी पडल्यासारखी रेघ दिसते. बोटुकली लहान असताना मात्र हा भेद भल्याभल्यांस कळत नाही. म्हणून बिलाशिवाय व मत्स्यबीज केंद्राच्या नावाशिवाय मागुराचे बी कोणी घेऊ नये.

यावर आमचे काही वाचक म्हणतील की, ही सर्व सोवळेपणाची चर्चा आहे. मिरची, भुईमूग, बटाटा, टोमॅटो हे तरी आपले कोठे होते? सोयाबीन तर काल-परवाचे. परकी म्हणून ही पिके टाकावयाची काय? प्रश्न रास्त आहे. पण भुईमूग आपण पेरू तेव्हा उगवतो, उपटू तेव्हा संपतो. नाल्याच्या काठाने तो आपण होऊन हिंगणघाटापर्यंत जात नाही. याउलट गाजरगवत पाहावे. पुण्याकडे १९५० च्या दशकात त्याची प्रथम नोंद झाली. आज वर्धा जिल्ह्यातील एकही धुरा त्यावाचून मोकळा नाही, आणि ते उपटण्याची मजुरी दरसाल आपल्याच खिशातून जाते. मासा भुईमुगाच्या जातीचा की गाजरगवताच्या, हे तो सोडण्यापूर्वी पाहावयाचे असते. गाजरगवत निदान डोळ्यांस दिसते व हातास लागते. पाण्याखाली खुरपे चालत नाही.

आणखी एक घरचेच उदाहरण आम्हास आठवते. हिंगणघाटच्या बनी कापसाचे नाव एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात होते. धागा बारीक व मऊ, पण सरकीच्या मानाने रुई कमी. व्यापारी वजनावर पैसे देऊ लागला, तेव्हा अधिक रुई देणारा जाडाभरडा जरी कापूस त्यात मिसळू लागला. आधी बाजारात मिसळला, मग बियाण्यात मिसळला. इंग्रज सरकारने १८६० च्या दशकात कापसासाठी म्हणून खास कमिशनर नेमला, भेसळीविरुद्ध उपाय योजिले, तरी शुद्ध बनी पुन्हा शेतोशेती उभी राहिली नाही. त्या वेळच्या शेतकऱ्यास मूर्ख म्हणण्याची आमची तयारी नाही. ज्यास भाव मिळाला ते त्याने पेरले. परंतु ज्या गावच्या नावाने कापूस ओळखला जाई त्या गावास पुढे तो दाखविण्यापुरताही मिळेना. आपल्या नाल्यांतील माशांचे तसेच होण्याचा संभव आहे, आणि त्यांची नावे तर कोणत्या बाजारात नोंदलेलीही नाहीत.

रोहू, कतला, मृगळ यांविषयी आम्हास उलट प्रश्न विचारला जाईल, हे आम्ही जाणतो. हे मासे मुख्यतः उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यात भरभराटलेले, आणि कित्येक दशके आपल्या धरणांत त्यांचीच बोटुकली सोडली जात आहेत. वर आम्हीच खोऱ्याचा नियम सांगितला. मग येथे तो का लावीत नाही? आमचे उत्तर असे की, लावावयास हवा, परंतु तारतम्याने. हे मासे साठलेल्या पाण्यात वीण घालीत नाहीत. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधरी व अलिकुन्ही यांनी मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घेण्याची रीत शोधून काढीपर्यंत त्यांचे बी पुराच्या नदीतूनच गोळा करावे लागे. म्हणून शेततळ्यात त्यांपासून धोका थोडा, आणि अर्थप्राप्ती निश्चित. शेतकऱ्याने शेततळ्यात हेच ठेवावेत. पण बोर, धाम, पोथरा, पंचधारा, निम्न वर्धा यांसारख्या जलाशयांची गोष्ट निराळी आहे. ती नदीचीच पाणी आहेत. तेथे दरसाल ठरावीक तीन जातींचीच बोटुकली ओतण्याऐवजी काळबसू आणि गोदावरीच्या खोऱ्यातील लेबिओ कुळाचे इतर मूळचे मासे यांचा वाटा वाढवावा. यांचे बी केंद्रांत तयार करता येते. मागणी नाही म्हणून ते होत नाही, असे आमचे मत आहे. आणि मागणी करणे हे सहकारी मच्छीमार संस्थांच्या व आपल्यासारख्या मंडळांच्या हाती आहे.

या सर्व व्यवहारात ज्याचा तोटा होतो त्याचे पत्र आमच्या कचेरीत येत नाही, हेही आम्हास येथे नमूद केले पाहिजे. मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून नाले वाहू लागले म्हणजे चढणीचे मासे वर येतात. भोई, ढिवर मंडळींचे ते सुगीचे दिवस. मरळ, वाम, मागूर, टेंगरा, झिंगे आणि नावे सांगताना दमछाक होईल इतके बारीकसारीक मासे त्या आठ-पंधरा दिवसांत टोपलीत येतात. बाया ते गावोगाव फिरून विकतात. बारीक मासळी कांद्यावर परतून सबंध खाल्ली जाते, त्यामुळे गरिबाच्या पोरास चुना व जीवनसत्त्वे विनाखर्च मिळतात. या मासळीची कोठे पावती होत नाही, तिच्यावर कर्ज निघत नाही, म्हणून तिचा नाश झाला तरी कोणत्याही वहीत तूट दिसत नाही. शेतकऱ्याच्या तळ्यात पाच-दहा हजारांचा नफा जमेस पडतो. खर्चाची बाजू दुसऱ्याच्या चुलीवर मांडली जाते. आम्ही शेतकरी बाजारभावाच्या बाबतीत नेमकी हीच तक्रार करीत आलो आहोत की, लाभ एकाचा आणि भोग आमचा. ती तक्रार आमच्याविरुद्ध दुसऱ्या कोणास करावयास लागू नये.

भंडारा व गोंदिया या भागांतील एक चांगली गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. तेथील माजी मालगुजारी तलावांत ढिवर मंडळींनी, श्री. मनीष राजनकर व त्यांची ‘फीड’ ही संस्था यांच्या सोबतीने, निराळाच मार्ग धरला. त्यांनी तलावातील बेशरम काढली, कोरड्या दिवसांत तळ नांगरला, आणि देशी माशांस अंडी घालण्यास व लपण्यास लागणाऱ्या पाणवनस्पती हातांनी लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशास हवी, हे ज्ञान म्हाताऱ्या ढिवरांपाशी होते. कोणी ते विचारले नव्हते एवढेच. त्या तलावांत देशी मासे पुन्हा वाढले. आमच्या जिल्ह्यात तसे तलाव थोडे असले तरी म्हाताऱ्या माणसांस विचारण्याची रीत आम्हास उचलता येईल.

ज्यांनी तळ्यात मासे सोडण्याचे योजिले आहे त्यांस थोड्या व्यवहारी सूचना करतो. सांडव्यावर बारीक जाळी बसवावी, आणि ती एक नव्हे, दोन. एकीत काडीकचरा अडकून पाणी तुंबले की माणूस तीच प्रथम काढून फेकतो. काळ्या जमिनीतील अस्तराविना असलेले तळे होळीच्या सुमारास तळ दाखवू लागते. अशा ठिकाणी मत्स्यजिरे न सोडता मोठी बोटुकलीच सोडावीत, म्हणजे पाणी सरण्यापूर्वी मासा विक्रीस येतो. तळे आटू लागल्यावर उरलेले मासे दया म्हणून नाल्यात सोडण्याची चाल वाईट. ते खावेत किंवा वाटावेत. डासांसाठी सरकारी माणसांनी दिलेले गप्पी मासे टाक्यांत व हौदांत राहू द्यावेत, धामेच्या डोहात टाकू नयेत. डासांच्या अळ्या खाणारे लहान मासे नदीत मूळचेच आहेत, आणि गप्पी त्यांच्या अंड्यांवरही ताव मारतो. वर्धा शहरातील काही घरांतून काचेच्या पेटीतील शोभेचे मासे कंटाळा आला म्हणजे पवनारच्या पुलावरून नदीत सोडले जातात, असे आमच्या कानी आले आहे. पुण्य म्हणून ते करीत असतील तर त्यांनी दुसरे काही पुण्य शोधावे.

मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही पुढील गोष्ट ठेवणार आहोत. नाल्याशी संबंध असलेल्या शेततळ्यात चिलापी, पंगस व परका मागूर सोडणार नाही, असे सभासदांनी आपखुशीने लिहून द्यावे; आणि मंडळाने रोहू-कतल्याची खात्रीची बोटुकली एकत्र मागणी करून माफक दराने पुरवावीत. केवळ मनाई करून भागत नाही, हे आम्हास ठाऊक आहे. बी चांगले व वेळेवर मिळाले तर टेम्पोवाल्याकडे कोणी जाणार नाही. काही सभासदांस हा निर्बंध जाचक वाटेल, व तसे त्यांनी सभेत मोकळेपणाने सांगावे. त्यांचे म्हणणे पुढील अंकी छापू.

तोपर्यंत वाचकांस एक विनंती आहे. आपल्या गावाजवळून जो नाला वा नदी जाते, तीत पूर्वी कोणते मासे मिळत आणि आज कोणते मिळतात, हे गावातील जुन्या भोई-ढिवर मंडळींस विचारून एका कागदावर उतरून काढावे. नावे ती माणसे उच्चारतील तशीच लिहावीत, पुस्तकी करू नयेत. एकाच माशास आर्वीकडे एक आणि समुद्रपूरकडे दुसरे नाव असेल तर दोन्ही लिहावीत. कोणता मासा कधीपासून दिसेनासा झाला हे आठवत असल्यास त्या वर्षीचा पूर, दुष्काळ किंवा धरणाचे काम यांची खूण जोडावी, म्हणजे साल ठरविता येईल. नाल्याचे, गावाचे व तालुक्याचे नाव घालून हे कागद मृगापूर्वी मंडळाच्या कचेरीत पोहोचावेत.